बोल्ट सैल करावा की सैल झाला असावा?

मॅडम, नमस्कार. मी वाळूजला एका ऑटो पार्ट्सच्या कंपनीत क्वालिटी विभागात आहे. शाळा मराठी माध्यमाची, नंतर मेकॅनिकलचा डिप्लोमा. काम मला येतं, पण कस्टमरची तक्रार आली की ८डी रिपोर्ट, म्हणजे दोषाची कारणं आणि उपाय आठ टप्प्यांत मांडणारा अहवाल, इंग्रजीत लिहावा लागतो आणि तिथे माझं घोडं अडतं. मागे एका ब्रॅकेटचा बोल्ट सैल निघाला. मी कारण लिहिलं, 'द बोल्ट मस्ट बी लूजन्ड ड्युरिंग ट्रान्सपोर्ट.' कस्टमरचा उलट मेल आला, 'व्हाय मस्ट इट बी लूजन्ड?' ते सगळ्या ग्रुपवर फिरलं. साहेब म्हणतात, पॅसिव्ह पक्का कर. शेजारचा सहकारी म्हणतो, पॅसिव्ह वापरूच नको, आता तो चालत नाही. माझ्या डोक्यात शुड बी, शुड हॅव बीन, डू, डन यांची खिचडी झाली आहे. शाळेत 'चेंज द व्हॉइस'ला मला पैकीच्या पैकी मिळायचे, हेही सांगतो. आणखी एक. आमच्या शॉप फ्लोअरवर साहेबांनी मोठा बोर्ड लावून घेतलाय, 'सेफ्टी शूज मस्ट बी वेअर'. तो चुकलाय का? आणि चुकला असेल तर त्यांना सांगू का?
– एक वाचक, वाळूज

नमस्कार.

तुमच्या कस्टमरने टोमणा मारला असं मला वाटत नाही. त्याने तुमचं वाक्य होतं तसं वाचलं. 'द बोल्ट मस्ट बी लूजन्ड ड्युरिंग ट्रान्सपोर्ट' याचा सरळ अर्थ 'वाहतुकीच्या वेळी बोल्ट सैल केलाच पाहिजे' असा होतो. ज्याबद्दल दिलगिरी व्यक्त करायची, तेच तुम्ही सूचना म्हणून लिहून पाठवलंत. का बुवा सैल करायचा, असं त्याने विचारलं तर त्याचं काय चुकलं?

तुमच्या मनात होतं, 'वाहतुकीत बोल्ट सैल झाला असावा.' इंग्रजीतला 'मस्ट' दोन कामं करतो. एक सक्तीचं, म्हणजे केलंच पाहिजे. दुसरं अंदाजाचं, म्हणजे तसं झालंच असणार. त्याच्या पुढे 'बी' आणि एखाद्या कृतीचं क्रियापद आलं की वाचणारा सक्ती समजतो. पुढे 'हॅव' आलं की तो मागच्या गोष्टीचा अंदाज समजतो. भरतीच्या जाहिरातीत 'मस्ट हॅव पास्ड' असतं आणि तिथे ती अटच असते, हे खरं. पण तक्रारीच्या रिपोर्टमध्ये, कारणाच्या रकान्यात, 'मस्ट हॅव' वाचून कोणी अट समजणार नाही.

म्हणजे 'मस्ट हॅव बीन लूजन्ड' लिहिलं असतं तर सुटलो असतो का? अर्धेच. 'लूजन्ड' पॅसिव्हमध्ये आला की कोणीतरी तो सैल केला असा वास येतो. तुमच्या ट्रकमध्ये पाना घेऊन कोणी बसलं नव्हतं. हादऱ्यांनी बोल्ट आपोआप सैल झाला. तेव्हा इथे पॅसिव्हच नको : 'द बोल्ट मस्ट हॅव कम लूज ड्युरिंग ट्रान्सपोर्ट.' किंवा, खात्री नसेल तर, 'मे हॅव कम लूज'. साहेबांनी पॅसिव्ह पक्का करायला सांगितलं ते बरोबरच आहे, फक्त या वाक्याचं औषध ते नव्हतं.

आता मूळ दुखण्याकडे येऊ. तुमची चूक इंग्रजीच्या अज्ञानातून आलेली नाही. मराठीने तुम्हाला लावलेल्या सवयीतून ती आली आहे. आपल्याकडे विध्यर्थ म्हणून फार सोयीची चीज आहे. 'टॉर्क (बोल्ट आवळण्याचा जोर) दर दोन तासांनी तपासावा.' कोणी तपासावा? ऑपरेटरने, इन्स्पेक्टरने, जो शिफ्टला असेल त्याने. वाक्यात कर्ता नाही आणि त्याच्यावाचून काही अडतही नाही. वर क्रियापद त्या तपासायच्या वस्तूच्या तालावर नाचतं : टॉर्क तपासावा, फिटिंग तपासावी, गेज तपासावं. त्यामुळे वाक्याच्या सुरुवातीला बसलेला टॉर्कच कर्ता वाटायला लागतो. मग त्याच घडीवर इंग्रजी बेतलं की 'टॉर्क शुड चेक एव्हरी टू अवर्स' तयार. मराठी कानाला यात काहीच खटकत नाही. इंग्रजी वाचणाऱ्याला मात्र टॉर्क स्वतःच उठून तपासणीला निघालेला दिसतो.

'तपासावा' या एका शब्दात दोन गोष्टी गुंडाळलेल्या आहेत. एक, हे करणं योग्य आहे. दोन, करणारा कोण ते सांगायचं नाही. इंग्रजीत या दोन गोष्टींना दोन वेगळे तुकडे लागतात. पहिलीसाठी 'शुड'. दुसरीसाठी 'बी' आणि क्रियापदाचं तिसरं रूप, शाळेत ज्याला व्ही थ्री म्हणायचो ते. 'टॉर्क शुड बी चेक्ड.' तुम्ही पहिला तुकडा लिहिता, दुसरा मनातल्या मनात मराठीत पूर्ण करता, आणि तो कागदावर उतरत नाही.

बाकीच्या मोडल्सचंही, म्हणजे मस्ट, कॅन, मे अशा शुडच्या भाऊबंदांचंही हेच. तपासलंच पाहिजे, 'मस्ट बी चेक्ड'. तपासता येईल, 'कॅन बी चेक्ड'. तपासलं जाईल, किंवा नोटिशीच्या थाटात तपासण्यात येईल, 'विल बी चेक्ड'. तपासलं तरी चालेल, 'मे बी चेक्ड'. मोडल बदलतो, 'बी' जागचा हलत नाही. एक पार्ट असो की हजार, आज असो की उद्या, तिथे इज, आर, वॉज यांपैकी कोणालाच प्रवेश नाही. नेहमीचं इंग्रजी कर्त्याप्रमाणे इज-आर बदलायला लावतं. इथे ती कटकटच नाही. माझ्या मते मोडल असलेला पॅसिव्ह साध्या पॅसिव्हपेक्षा सोपा आहे, फक्त शाळेत तो धड्याच्या शेवटी येतो म्हणून अवघड वाटतो.

शाळेचा विषय तुम्हीच काढलात, म्हणून विचारते : पैकीच्या पैकी मिळवणाऱ्याला कामावर हे का जमू नये? कारण 'चेंज द व्हॉइस'मध्ये अ‍ॅक्टिव्ह वाक्य छापून दिलेलं असतं. कर्ता उचलायचा, शेवटी न्यायचा, मागे 'बाय' लावायचं, झालं. कामावर असं छापील वाक्य कोणी हातात देत नाही. तिथे सुरुवात मराठी विचारापासून होते. शिवाय त्या कवायतीने एक वाईट खोड लावली आहे, प्रत्येक वाक्याला 'बाय मी', 'बाय हिम' अशी शेपटी जोडायची. 'द रिपोर्ट विल बी सेंट बाय मी' हे व्याकरणात बसतं, पण असं बोलणारा माणूस शोधून सापडायचा नाही. 'आय विल सेंड द रिपोर्ट' म्हणा आणि मोकळे व्हा.

दुसरी गफलत आपल्या शिकवण्यातली. पॅसिव्ह म्हणजे कर्मणी प्रयोग, असं बहुतेकांना सांगितलं जातं. पण 'रामाने आंबा खाल्ला' हा आपल्याकडे पक्का कर्मणी प्रयोग, आणि त्याचं इंग्रजी 'राम एट अ मँगो', चक्क अ‍ॅक्टिव्ह. तेव्हा कर्मणी दिसला की पॅसिव्ह करायचा, हे गणित बाजूला ठेवा. त्याऐवजी एकच विचारा : करणारा वाक्यात आहे का? 'ऑपरेटरने बोल्ट आवळावा' यात ऑपरेटर आहे, तर 'द ऑपरेटर शुड टायटन द बोल्ट'. 'बोल्ट आवळावा' यात कोणी नाही, तर 'द बोल्ट शुड बी टायटन्ड'.

आता तुमचा बोर्ड. होय, चुकला आहे. वेअर, वोअर, वॉर्न. म्हणून 'सेफ्टी शूज मस्ट बी वॉर्न'. साहेबांना सांगा, पण एकट्याला गाठून, आणि ऑडिटच्या आधी रंगरंगोटी निघते त्या सुमाराला. 'रंगवायचाच आहे तर एवढा शब्द बदलून घेऊ का' इतकंच पुरे. खरं सांगायचं तर मी त्यांना वेगळंच सुचवीन. तो बोर्ड ज्यांच्यासाठी आहे ते लाइनवरचे लोक मराठी नाहीतर हिंदी वाचतात. 'सेफ्टी शूज घातल्याशिवाय आत येऊ नये' असं लिहिलं तर व्ही थ्रीचा प्रश्नच मिटतो. आणि इंग्रजी हवंच असेल तर 'वेअर सेफ्टी शूज' यात पॅसिव्हही लागत नाही.

पण ही चूक का होते, ते बघण्यासारखं आहे. तिसऱ्या रूपाचा शेवट आपल्या तोंडातून नीट निघत नाही. चेक्ड, फिक्स्ड, पॅक्ड यांतला शेवटचा आवाज घाईत गिळला जातो, आणि जो उच्चारला नाही तो लिहिलाही जात नाही : 'शुड बी चेक', 'मस्ट बी पॅक'. सेंड आणि सेंट तर आपण जवळजवळ सारखंच बोलतो, म्हणून 'विल बी सेंड' प्रत्येक ऑफिसातल्या मेलमध्ये सापडतं. तुमच्या खात्यात बेंड आणि बेंट यांचंही तेच होणार. 'द पिन मस्ट नॉट बी बेंट' हे बरोबर. ग्राइंडचं ग्राउंड होतं, होल्डचं हेल्ड. 'द सरफेस शुड बी ग्राउंड' ऐकायला विचित्र, तरी तेच बरोबर. उलट सेट, कट, पुट ही मंडळी बदलतच नाहीत. 'द टॉर्क शुड बी सेट' लिहा, 'सेटेड' करू नका. पाठांतराची दीडशे क्रियापदांची यादी घेऊन बसण्याची गरज नाही. तुमच्या जुन्या रिपोर्टमध्ये जी क्रियापदं पुन्हा पुन्हा येतात तेवढीच काढा आणि त्यांची तिसरी रूपं वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. सगळी एका पानात मावतील.

'हॅव बीन'वर जरा थांबू, कारण ८डी लिहिणाऱ्याला याच्याशिवाय गत्यंतर नाही. हा रिपोर्ट झालेल्या गोष्टीबद्दल असतो, आणि मोडल्सना स्वतःचा असा नीट भूतकाळ नाही. 'मस्ट'चा तर नाहीच. 'शुड'ला भूतकाळ दाखवायचा तर 'हॅव'ची मदत घ्यावी लागते. म्हणून साचा असा : मोडल, मग 'हॅव बीन', मग तिसरं रूप. इथेही 'हॅव'च राहतं, 'हॅज' किंवा 'हॅड' होत नाही. 'द बोल्ट शुड हॅज बीन' हे फार जण लिहितात. बोल्ट एकवचनी आहे म्हणून हात आपोआप 'हॅज'कडे जातो. जाऊ देऊ नका.

तुमच्याच बोल्टवर हे चालवून बघू. समजा संशय असा आहे की बोल्ट लाइनवरच नीट आवळला गेला नसावा. 'द बोल्ट मे नॉट हॅव बीन टायटन्ड टु द स्पेसिफाइड टॉर्क.' ही शक्यता झाली. टॉर्क गन त्या दिवशी बंद होती असं कळलं, म्हणजे ठरलेला टॉर्क मिळालेला असणं शक्यच नाही : 'कान्ट हॅव बीन टायटन्ड टु द स्पेसिफाइड टॉर्क'. पुढे, दर दोन तासांनी तपासणी ठरलेली होती आणि ती झाली नाही. 'द टॉर्क शुड हॅव बीन चेक्ड एव्हरी टू अवर्स.' मराठीत 'तपासायला हवा होता'. दोन्ही भाषांत यात कबुली लपलेली आहे, की तपासला नाही. हे वाक्य लिहिताना ते भान ठेवा. तपासणी झाली असेल आणि तरी दोष सुटला असेल, तर हे वाक्य तुमच्यावर नसता आळ आणेल.

८डीत दुसरा प्रश्नही असतोच : दोष झाला कसा हे एक, आणि तो आपल्या दारातून बाहेर गेला कसा हे दुसरं. तिथे 'कुड' लागतो. 'द लूज बोल्ट कुड हॅव बीन डिटेक्टेड अ‍ॅट फायनल इन्स्पेक्शन.' सापडू शकला असता, सापडला नाही. लोक इथे 'कुड बी डिटेक्टेड' लिहून मोकळे होतात आणि अर्थ फिरतो; वाचणाऱ्याला वाटतं, फायनल इन्स्पेक्शनला असे बोल्ट सापडू शकतात, मग अडचण काय आहे? 'हॅव बीन' आणि 'बी' यांत फक्त एका शब्दाचं अंतर, पण एकात हुकलेली संधी आहे आणि दुसऱ्यात हातात असलेली सोय.

आणि कारण एकदा सिद्ध झालं की मोडल काढून टाका. टॉर्क गनचा डेटा समोर आहे, त्यात त्या पार्टची नोंद नाही, मग 'मे नॉट हॅव बीन' कशाला? 'वॉज नॉट टायटन्ड टु द स्पेसिफाइड टॉर्क.' शेवटच्या रिपोर्टात 'मे' राहिला की कस्टमर हमखास विचारतो, अजून खात्री नाही का? अंदाजाचे मोडल्स तपास चालू असतानाचे. तपास संपला की ते शोभत नाहीत.

एक सापळा सांगायलाच हवा, कारण क्वालिटीवाल्यांच्या प्रत्येक दुसऱ्या रिपोर्टमध्ये तो दिसतो. 'द क्रॅक मे बी ऑकर्ड ड्युरिंग फोर्जिंग.' 'द फेल्युअर मस्ट बी हॅपन्ड.' ऑकर, हॅपन, अराइव्ह, डिसअपिअर ही क्रियापदं पॅसिव्हमध्ये जातच नाहीत. तडा पडतो, त्याला कोणी 'पडवत' नाही. आपण 'झालं असेल' म्हणतो आणि त्या होण्याचं 'बी' करतो, म्हणून हे घडतं. बरोबर वाक्य : 'द क्रॅक मे हॅव ऑकर्ड', 'द फेल्युअर मस्ट हॅव हॅपन्ड'. 'बीन' नाही. तुमचा सैल झालेला बोल्टही याच कुळातला.

'हॅपन'सारखी क्रियापदं सोडली तर काही क्रियापदं दोन्ही बाजूंनी चालतात. तिथे अर्थ बघून निवड करा. 'द प्राइस मे इन्क्रीज' म्हणजे भाव वाढू शकतो. 'द प्राइस मे बी इन्क्रीज्ड' म्हणजे कोणीतरी तो वाढवू शकतं. पर्चेसवाल्या कस्टमरला लिहिताना दुसरं वाक्य चुकून गेलं तर ती धमकी वाटेल.

नकारात मात्र बोटं जाण्याइतकं गंभीर प्रकरण आहे, शब्दशः. लेथ किंवा ड्रिलसारख्या फिरत्या मशिनवर हातमोजे घालायचे नसतात. मोजा गुंतला की हात आत ओढला जातो. वर्क इन्स्ट्रक्शनमध्ये लिहायचं, 'ग्लव्हज मस्ट नॉट बी वॉर्न.' कोणी 'नीड नॉट बी वॉर्न' लिहिलं, तर त्याचा अर्थ 'घालायची गरज नाही', म्हणजे घातले तरी हरकत नाही. होकारात मस्ट आणि नीड शेजारी वाटतात. नकारात एक बंदी होते आणि दुसरी सवलत. 'कॅनॉट बी वॉर्न'ही टाळा, त्यात 'घालता येत नाहीत' असा सूर आहे, जणू मापाचे मिळत नाहीत. लिहिण्याआधी मराठीत स्वतःला विचारा : घालू नयेत, घालायची गरज नाही, की घालता येत नाहीत? तिन्हींना आपल्याकडे स्वच्छ वेगळी रूपं आहेत, त्यामुळे उत्तर लगेच मिळतं.

अशीच दुहेरी धार मेंटेनन्सच्या चिठ्ठीवर 'द व्हॉल्व्ह मस्ट बी क्लोज्ड' या वाक्याला आहे. व्हॉल्व्ह बंद करा, की व्हॉल्व्ह बंदच असणार, तपासायला नको? दोन्ही अर्थ निघतात. सूचना असेल तर 'मस्ट बी केप्ट क्लोज्ड' लिहा, संशयाला जागा उरत नाही.

तुम्ही ऑटो पार्ट्समध्ये आहात, म्हणजे आयएसओ ९००१ आणि आयएटीएफ १६९४९ या गुणवत्तेच्या मानकांशी तुमचा रोजचा संबंध. तिथे हे शब्द चवीनुसार घालायचे नसतात. आयएसओ ९००१च्या २०१५च्या आवृत्तीत प्रस्तावनेतच सांगून ठेवलं आहे की 'शॅल' म्हणजे अट, 'शुड' म्हणजे शिफारस, 'मे' म्हणजे परवानगी आणि 'कॅन' म्हणजे शक्यता किंवा क्षमता. आयएसओच्या लेखननियमांप्रमाणे अटीसाठी 'मस्ट' वापरतच नाहीत, 'शॅल'च वापरतात. म्हणून कस्टमरच्या ड्रॉइंगवर 'शॅल बी डीबर्ड' (कडेची धारदार कुसळं काढलीच पाहिजेत) असेल तर ते ऐच्छिक नाही. आणि तुम्ही कंट्रोल प्लॅनमध्ये, म्हणजे काय, कधी आणि कसं तपासायचं त्या तक्त्यात, 'शुड बी चेक्ड' लिहून ठेवलंत तर ऑडिटर म्हणू शकतो, ही नुसती शिफारस दिसते. नेहमीच्या मेलमध्ये 'शुड' सौम्य आणि चांगला. कंट्रोल प्लॅनमध्ये तो कच्चा आहे.

'मे'बद्दल एकच. 'द कोटिंग मे बी रिमूव्ह्ड' यातून 'कोटिंग काढलं तरी चालेल' असा अर्थ निघतो. तुम्हाला 'कोटिंग निघू शकतं' असा धोका सांगायचा असेल तर 'द कोटिंग माइट कम ऑफ' लिहा.

प्रश्न विचारताना मोडल पुढे येतो आणि 'बी' मागेच राहतो : 'कॅन द पार्ट्स बी रिवर्क्ड?' 'कॅन बी द पार्ट्स' असं कधीच नाही.

आता साहेब आणि सहकारी यांच्यातला वाद. पॅसिव्ह वापरूच नको, हा सल्ला तुमच्या कामाला लागू होत नाही. वर्क इन्स्ट्रक्शनमध्ये कोण करतो यापेक्षा काय व्हायला हवं ते महत्त्वाचं असतं. आज एक ऑपरेटर आहे, उद्या दुसरा असेल. तिथे 'शॅल बी चेक्ड' हेच योग्य. पण पॅसिव्ह भारदस्त दिसतो म्हणून सगळीकडे पेरायचा, हेही बरोबर नाही. आयएसओ ९००१ उघडून बघा. बहुतेक कलमं 'द ऑर्गनायझेशन शॅल' अशी सुरू होतात, कारण जबाबदारी कोणाची ते बजावायचं असतं. कागदपत्रांच्या बाबतीत मात्र ती 'शॅल बी कंट्रोल्ड' अशी येतात.

आपल्या राज्यघटनेतही हाच विवेक दिसतो. कलम १४ म्हणतं, 'द स्टेट शॅल नॉट डिनाय टु एनी पर्सन इक्वॉलिटी बिफोर द लॉ.' नकार देणारा कोण असू शकतो, त्याचं नाव घेऊन त्यालाच बांधून टाकलं आहे. कलम २१ म्हणतं, 'नो पर्सन शॅल बी डिप्राइव्ड ऑफ हिज लाइफ ऑर पर्सनल लिबर्टी', आणि पुढे अपवाद. इथे हिरावणाऱ्याचं नाव नाही. ज्याचं जीवित आणि स्वातंत्र्य जपायचं तो माणूस वाक्याच्या पुढे आणून ठेवला आहे. सात कलमांच्या अंतरात तेच 'शॅल' एकदा अ‍ॅक्टिव्ह, एकदा पॅसिव्ह. तुमच्या सहकाऱ्याला हे दाखवा.

आता ८डीत कुठे काय, ते सांगते. तात्पुरत्या उपायांच्या भागात, म्हणजे डी३मध्ये, जे केलं ते मोडलशिवाय लिहा : 'ऑल स्टॉक वॉज सॉर्टेड'. डी४ कारणांचा, तिथे वर सांगितलेले 'हॅव बीन'. डी५ आणि डी६मध्ये कायमचे उपाय येतात, आणि तिथे 'विल बी'चा पूर येतो. 'ट्रेनिंग विल बी गिव्हन.' 'अवेअरनेस विल बी क्रिएटेड.' 'नेसेसरी अ‍ॅक्शन विल बी टेकन.' व्याकरणात एकही चूक नाही आणि तरीही कस्टमरचा यावर काडीचा विश्वास बसत नाही, कारण कोण करणार ते त्यात नाही. सरकारी 'योग्य ती कार्यवाही करण्यात येईल' वाचून आपल्याला जे वाटतं, तेच त्याला वाटतं. तेव्हा या भागात पॅसिव्ह हात राखून वापरा.

तिथेच 'पर्यंत'चा घोळही होतो. आपलं 'शुक्रवारपर्यंत' दोन्ही अर्थांना पुरतं, इंग्रजीत फोड करावी लागते. 'द गन विल बी कॅलिब्रेटेड टिल फ्रायडे' म्हणजे शुक्रवार उजाडेपर्यंत तिचं कॅलिब्रेशन चालूच राहणार. तुम्हाला मुदत सांगायची आहे, म्हणून 'बाय फ्रायडे'. मग साहेब विचारतील, करणार कोण, आणि तुम्ही 'बाय द टूल रूम बाय फ्रायडे' असे दोन 'बाय' एकापाठोपाठ लावाल. लावू नका. 'द टूल रूम विल कॅलिब्रेट द गन बाय फ्रायडे' लिहा, आणि पाठवण्याआधी टूल रूमला शुक्रवार जमतोय ना, ते विचारून घ्या.